बेचाळीस किलोमीटरची शिदोरी

मॅरेथॉनच्या सरावातला लाँग रन संपला की रनर मंडळी पळण्याबद्दल फारसं बोलत नाहीत, खाण्याबद्दल बोलतात. घाम वाळायच्या आत विषय निघतो आणि निघाला की दोन तट पडतात. एकीकडे कमरेच्या पट्ट्यात जेलची, म्हणजे साखरेच्या दाट पाकासारख्या खाण्याची, पाकिटं ओळीनं खोचून येणारे. दुसरीकडे "केळं खा, पाणी पी आणि पळ, एवढं काय लावलंय" म्हणणारे. आमच्यातले एक काका या दुसऱ्या पक्षाचे. साठी ओलांडलेली, अंगानं शिडशिडीत, मतांनी ठाम. मध्यंतरी एक नवा मुलगा त्यांना समजावत होता, "अहो काका, तासाला नव्वद ग्रॅम कार्ब्ज लागतातच. सगळे एलिट तेवढे घेतात." काकांनी बुटाची नाडी सोडता सोडता विचारलं, "लागतात कुणाला?"

मुलगा त्यानंतरही बराच वेळ बोलत राहिला. चांगला वाचलेला मुलगा, आकडेही बरोबर सांगत होता. पण माझ्या डोक्यात काकांचे ते दोन शब्द घर करून बसले. घरातलं की पाकिटातलं, जुनं की नवं, असा वाद घालताना आपण सगळेच धरून चालतो की मॅरेथॉन सर्वांची एकच. अंतर एकच असतं खरं, ४२.१९५ किलोमीटर. पण ते दोन तासांत उरकणारा आणि पाच तास रस्त्यावर असणारा, या दोघांच्या पोटापुढचे प्रश्न फार वेगळे आहेत, आणि बाजारातला जवळजवळ सगळा सल्ला पहिल्याला समोर ठेवून लिहिलेला असतो. विकला मात्र दुसऱ्याला जातो.

आधी थोडा हिशेब मांडू. तो कोरडा आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं बोलणं हवेतलं होईल.

शरीर कर्बोदकं, म्हणजे त्या मुलाचे कार्ब्ज, ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात आणखी १०० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर सगळी पुंजी दोन हजार ते चोवीसशे कॅलरींची. पळायला खर्च येतो तो वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला जवळपास १ कॅलरी. म्हणजे ६० किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी अडीच हजारांच्या घरात कॅलरी लागणार. वरवर पाहता तूट किरकोळ दिसते. शिवाय चरबी आहेच. काटकुळ्या माणसाच्या अंगावरही कित्येक मॅरेथॉन पुरून उरेल एवढी असते. मग अडतं कुठे? चरबी सावकाश जळते आणि जळताना प्राणवायू जास्त मागते. वेग वाढवला की शरीर चरबी बाजूला ठेवतं आणि ग्लायकोजेनवर हात मारतं. त्यात आणखी एक मेख अशी की स्नायूतलं ग्लायकोजेन त्या स्नायूबाहेर जाऊ शकत नाही. दंडातली शिल्लक मांडीला उसनी मिळत नाही. त्यामुळे कागदावर दिसते त्यापेक्षा पायांची खरी पुंजी बरीच कमी.

ती संपते तेव्हा काय होतं हे पुस्तकात वाचून कळत नाही. तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी 'वॉल' लागते असं म्हणतात. नवख्याला वाटतं, पाय दुखत असतील. पाय दुखतात, पण ते तर आधीपासूनच दुखत असतात. वॉल लागते तेव्हा मेंदूचा साखरपुरवठा आटायला लागलेला असतो आणि माणूस बदलतो. उरलेले किलोमीटर गुणिले दर किलोमीटरची मिनिटं एवढा गुणाकार जमत नाही. कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या अनोळखी मुलांचा राग येतो. चालायचं ठरवलेलं नसतं, पण पाहतो तर आपण चालतोय. हातात खाण्याची वस्तू असते आणि ती तोंडात घालायला हवी हे कळत असूनही वळत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण सगळ्या फ्युएलिंगचा, पळताना शरीराला इंधन पुरवण्याचा, अर्थ एवढाच: ती वेळ यायच्या आत खाऊन घ्यायचं. भूक लागल्यावर खाणं हा एरवीचा उत्तम नियम इथे लंगडा पडतो.

आता जुन्या साधेपणाकडे येऊ. पूर्वीचे लोक साधं खायचे, साधं प्यायचे आणि मजेत पळायचे, अशी एक गोड समजूत आहे. तिच्या भक्तांनी १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकची हकिगत वाचावी. पारा बत्तीस अंशांच्या आसपास, रस्ता धुळीचा, पुढे चाललेल्या मोटारी ती धूळ उडवताहेत, आणि अख्ख्या वाटेत पाणी मिळायची जागा जेमतेम. ही टंचाई मुद्दाम ठेवलेली होती. पाणी न पिता माणसाचं काय होतं हे आयोजकांना पाहायचं होतं. ३२ जण सुटले, १४ पोहोचले. विजेता थॉमस हिक्स. त्याला पाणी मागूनही मिळालं नाही. त्याच्या मदतनीसांनी ओल्या स्पंजनं तोंड पुसलं आणि अंड्याच्या पांढऱ्यात कालवून स्ट्रिकनीन पाजलं. स्ट्रिकनीन म्हणजे उंदीर मारायचं विष, थोड्या मात्रेत त्या काळी उत्तेजक समजलं जाई. नंतर ब्रँडीही दिली. हिक्स ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंदांत पोहोचला, तो जवळजवळ उचलूनच आणावा लागला. त्याच शर्यतीत क्यूबाचा फेलिक्स कार्वाहाल नावाचा पोस्टमन वाटेतल्या बागेतली फळं खाऊन पोटात कळ आल्यामुळे आडवा झाला, म्हणतात एक डुलकीही काढली, आणि उठून चौथा आला. आता यातला साधा आहार कोणता आणि स्पोर्ट्स न्यूट्रिशन कोणतं, ते काकांच्या पक्षानं ठरवावं. मला विचाराल तर तिथल्या सगळ्यांत शहाणा हा पोस्टमन. निदान त्यानं काही खाल्लं.

साखरेला मॅरेथॉनमध्ये डोळसपणे आणलं ते बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी. १९२४ मध्ये त्यांनी बॉस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या काही धावपटूंचं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती तेच फिकट, थरथरते आणि गोंधळलेले होते. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी कर्बोदकं भरपूर आणि पळताना चक्क गोळ्या, लहान मुलं खातात त्या कँडी, असा प्रयोग झाला. साखर टिकली, माणसंही टिकली. आधुनिक क्रीडापोषणाचा मूळपुरुष असा कँडीची गोळी आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण दोन्ही पक्षांची त्यात पंचाईत होते.

पुढची मोठी उडी स्कँडिनेव्हियात. १९३९ मध्ये डेन्मार्कमध्ये क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन यांनी दाखवलं की कर्बोदकं भरपूर खाल्लेला माणूस, चरबी खाऊन आलेल्या त्याच माणसापेक्षा दुपटीहून जास्त वेळ काम रेटू शकतो. कारण नेमकं समजायला सुई यावी लागली. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी मांडीत जाड सुई घालून स्नायूचा बारीकसा तुकडा काढायची पद्धत वापरली आणि १९६६ मध्ये प्रयोग केला तो स्वतःवरच. एका सायकलला दोघांनी एकेक पाय लावला, तो पाय पूर्ण दमेपर्यंत पेडल मारलं, आपल्या दुसऱ्या पायाला आराम दिला. मग तीन दिवस कर्बोदकं. दमलेल्या पायात ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या दुपटीला गेलं. एकाच माणसाचे दोन पाय, एकच जेवण, आणि साठा वेगळा! याच्यापेक्षा सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

त्यातून 'कार्ब लोडिंग' जन्मलं. सुरुवातीचं रूप अघोरी होतं: शर्यतीच्या आठवडाभर आधी पिळवटून टाकणारा लाँग रन, मग तीन दिवस कर्बोदकं जवळपास बंद, मग तीन दिवस ती भरभरून. ब्रिटनच्या रॉन हिलनं हे तंत्र अंगीकारलं आणि १९६९ मध्ये अथेन्सला युरोपियन विजेतेपद मिळवलं. साहजिकच सगळे त्या मागे लागले. मधल्या तीन कोरड्या दिवसांत माणसं घरात कशी वागत असतील याची कल्पना न केलेली बरी. १९८० च्या दशकात कळलं की ते उपासाचे दिवस अनावश्यक होते. सराव कमी करून शेवटचे दोन-तीन दिवस भात, ब्रेड, बटाटा यांचं प्रमाण वाढवलं तरी कोठार तेवढंच भरतं. म्हणजे विज्ञान फिरून फिरून पुन्हा जेवणाच्या ताटाशीच आलं. एक सांगून ठेवतो: ग्रॅमभर ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून साठतं, त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दिवशी वजनकाटा दीड-दोन किलो वर जातो. काट्यावर चढूच नये. चढलात तर घाबरू नये.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचा विजेता फ्रँक शॉर्टर बाटलीतून काय प्यायचा? गॅस उडून गेलेला कोला. साखर, कॅफीन आणि पाणी. आजच्या कॅफीनवाल्या जेलच्या पाकिटामागची यादी काढून शेजारी ठेवा. पन्नास वर्षांत नावं लांबली, मुख्य माल तोच राहिला.

मग या पन्नास वर्षांत खरोखर नवं काय मिळालं? मिळालं, आणि ते मोलाचं आहे. आतड्याला साखर आत घेण्यासाठी जणू दोन दारं आहेत. ग्लुकोज एका दारानं जातं आणि त्या दाराची क्षमता तासाला ६० ग्रॅमच्या आसपास संपते. त्याहून जास्त ग्लुकोज प्यायलात तर ते दाराबाहेर रांग लावतं, पाणी ओढून घेतं, आणि मग तुम्ही रस्त्यावरच्या तात्पुरत्या स्वच्छतागृहापुढच्या रांगेत लागता. फ्रुक्टोजचं दार वेगळं. २००० नंतरच्या दशकात आस्कर युकेनद्रुप हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. सराव दिलेल्या आतड्यांवर आता १२० ग्रॅमपर्यंत ढकलणारे आहेत. आतड्यालाही सराव देता येतो, हेही याच काळात नीट समजलं. काकांच्या नव्या मित्राचे नव्वद ग्रॅम इथून आले.

आता गंमत पाहा. ताज्या पाकिटांवर ग्लुकोजला फ्रुक्टोज १:०.८ असं प्रमाण अभिमानानं छापलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली पांढरी साखर पोटात फुटते तेव्हा तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे निम्मे निम्मे भाग होतात. म्हणजे १:१. मधातही दोन्ही असतात, खजुरातही. जे प्रमाण गाठायला प्रयोगशाळेनं दशकं घालवली त्याच्या अगदी शेजारी आपला साखरेचा डबा आधीपासून बसलेला होता. मग पाकिटात वेगळं काय, तर माल्टोडेक्स्ट्रिन: ग्लुकोजच्या साखळ्या. त्या साखरेइतक्या गोड लागत नाहीत आणि दाट करूनही पोटात पाणी फारसं खेचत नाहीत. हे काम साखर करू शकत नाही; तासाला नव्वद ग्रॅम नुसती साखर पिऊन पाहा, तिसऱ्या घोटाला शिसारी येईल. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मॉर्टेन या कंपनीनं पेक्टिन आणि अल्जिनेट ही घट्टपणा आणणारी द्रव्यं घालून पोटात जेल होणारं पेय, म्हणजे हायड्रोजेल, आणलं. २०१७ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर केनियाच्या एलियुद किपचोगेनं मॅरेथॉनच्या अंतराची २:००:२५ ची धाव काढली तेव्हा तेच वापरलं, आणि ते घरोघरी पोहोचलं. पुढे स्वतंत्र तपासण्यांत मात्र, कर्बोदकं तेवढीच दिली तर साध्या पेयापेक्षा त्याचा ठळक फायदा बहुतेक वेळा दिसला नाही. ज्यांच्या पोटाला ते मानवतं त्यांनी जरूर घ्यावं. जादू समजू नये.

साध्या अन्नाची बाजूही प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. २०१२ मध्ये सायकलपटूंना ७५ किलोमीटरच्या शर्यतीत एकदा केळी आणि एकदा स्पोर्ट्स ड्रिंक दिलं. वेळेत फरक पडला नाही. त्याच वर्षी मनुका आणि खेळाडूंसाठीच्या चघळगोळ्या यांची धावपटूंवर तुलना झाली. दोन्ही नुसत्या पाण्यापेक्षा ५ किलोमीटरला साधारण मिनिटभर वेगवान, आपसांत बरोबरी. २०१९ मध्ये उकडलेल्या बटाट्याचा लगदा जेलच्या तोडीस तोड ठरला. पण एक तळटीप दोन्ही वेळा निघाली: केळ्यानं पोट गच्च वाटलं, बटाट्यानं फुगलं आणि दुखलं. तीही सायकलवर, जिथे पोट जागच्या जागी असतं. पळताना पोट प्रत्येक पावलाला हिंदकळतं आणि रक्त आतड्यांकडून पायांकडे वळलेलं असतं. स्नायूला साखर केळ्यातून आली की पाकिटातून याचं सोयरसुतक नाही. आतड्याला आहे.

आणि आता तो प्रश्न, कुणाला लागतात?

किपचोगेची दोन तासांची शर्यत घ्या. तासाला ९० ग्रॅम म्हटलं तर एकूण १८० ग्रॅम झाले. पाच तासांच्या रनरनं तोच दर धरला तर ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोला थोडी कमी साखर, तीही हिंदकळणाऱ्या पोटात. तोच रनर तासाला ४० ग्रॅम घेईल तर एकूण २०० ग्रॅम, म्हणजे किपचोगेपेक्षा जास्तच. शिवाय सावकाश पळणाऱ्याच्या इंधनात चरबीचा वाटा मोठा असतो, त्याला तासाला तेवढी कर्बोदकं जाळताच येत नाहीत. ९० ग्रॅमची शिफारस करणाऱ्या युकेनद्रुपनंच लिहून ठेवलंय की वेग कमी असेल तर आकडा खाली आणा. ही ओळ पाकिटावर छापलेली मला अजून दिसलेली नाही.

एलिट धावपटूचं खाणं म्हणताना आपण त्याच्या बाटलीकडे पाहतो, ताटाकडे नाही. २००४ मध्ये केनियाच्या अव्वल धावपटूंच्या आहाराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांतून. मक्याच्या पिठाची उगाली, भात, दूध, आणि जवळजवळ पाचवा हिस्सा साखरेतून, जी मुख्यतः चहात घातलेली. वर्षभर हे, आणि शर्यतीच्या दोन तासांत हायड्रोजेल. त्यांच्या डोक्यात यात कुठे भांडण नाही. सहा दिवस उगाली खाणारे आणि सातव्या दिवशी विज्ञान पिणारे हे लोक. आपल्यातले बरेच जण उलटं करतात: आठवडाभर भात वजा, भाकरी-ब्रेड वजा, कारण वजन कमी करायचंय, आणि रविवारी पट्ट्यात सहा जेल. रिकाम्या कोठारावर पाकिटांची मलमपट्टी. क्रीडापोषणाच्या बाजारावर माझा राग असेल तर तो भेसळीसाठी नाही, या वृत्तीला खतपाणी घातल्याबद्दल आहे.

सावकाश पळणाऱ्याचे स्वतःचे असे काही प्रश्न आहेत, ज्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. एक म्हणजे भूक. ग्लायकोजेनची नाही, साधी पोटातली भूक. पहाटे तीनला काहीतरी खाल्लेलं, साडेपाचला सुटलेलो, साडेनऊपर्यंत न्याहारीची वेळ उलटून जाते. पोट गुरगुरतं, त्याला काहीतरी चावायला हवं असतं. दुसरं, गोडाचा वीट. तिसऱ्या तासानंतर गोड नुसतं आठवलं तरी मळमळतं. त्या वेळी कुणीतरी पुढे केलेला मीठ लावलेला उकडलेला बटाट्याचा तुकडा जे करतो ते कुठलंही पाकीट करत नाही. वेगवान रनरला हे सुख नाही. त्याचा श्वास इतका वर लागलेला असतो की चावणं शक्यच नसतं. आपला श्वास आपल्या ताब्यात असतो, दोन वाक्यं बोलण्याइतपत तरी. सावकाश पळण्याचा हा एक फायदा मला मान्य करावाच लागतो.

तिसरा प्रश्न गंभीर आहे: पाणी. हिक्सच्या काळी पाणी न देण्याचा अतिरेक झाला, पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागायच्या आत प्या, मिळेल तिथे प्या. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त घेतलं. १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली उतरलेलं होतं. कारण मुख्यतः घामातून गेलेलं मीठ नव्हे, अती प्यालेलं पाणी. शर्यतीअखेर वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेले यात पुढे होते. त्याच वर्षी त्या शर्यतीत एका तरुण धावपटूचा याच कारणानं मृत्यू झाला. स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं म्हणून सुटका नाही, कारण त्यातही रक्ताच्या मानानं मीठ फारच थोडं असतं. पाण्याच्या दर स्टेशनला थांबून दोन-दोन पेले रिचवायला वेगवान माणसाकडे वेळ नसतो, आपल्याकडे असतो. म्हणून तहानेचं ऐकावं. याबाबतीत काकांचा 'पाणी पी आणि पळ' हा मंत्रही अर्धाच बरोबर आहे.

माझी स्वतःची शिदोरी या सगळ्या वाचनातून आणि पोटाच्या कुरबुरींतून जमत गेली. आदल्या दिवशी दुपारी मोठं जेवण, रात्री लवकर आणि बेताचं: पांढरा भात, जोडीला काहीतरी बिनतिखट, कच्च्या भाज्यांना रजा. तंतू एरवी गुणाचे असले तरी त्या रात्री नकोत. सकाळी सुटायच्या अडीच-तीन तास आधी मध लावलेला ब्रेड आणि केळं. बाटलीत अर्धा लिटर पाण्याला तीस ग्रॅम साखर, लिंबू आणि दोन चिमूट मीठ. हे सहा टक्क्यांचं पेय झालं, म्हणजे बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकइतकंच. बिया काढलेले खजूर अर्धे करून डबीत; मोठ्या खजुरात पंधरा-सोळा ग्रॅम तरी कर्बोदकं असतात, अर्धा खजूर गालात धरला की एक किलोमीटर आरामात निघतो.

आणि हो, जेलही. शेवटच्या तासासाठी दोन-तीन. तोवर जबडा दमलेला असतो (जबडाही दमतो, हे मॅरेथॉननं शिकवलं), खजूर टाळ्याला चिकटतो, थुंकी आटलेली असते. तिथे गिळता येणारे बावीस-पंचवीस ग्रॅम मोजून हातात मिळणं याला तोड नाही. उघडण्याची कसरत मात्र बघण्यासारखी असते. बोटं घामानं आणि साखरेनं बुळबुळीत, पाकिटाची खाच सापडत नाही, मग दातांनी ओढायचं. वरचा कोपरा तुटून ओठाला चिकटतो, पहिला थेंब हनुवटीवरून छातीवरच्या नंबराच्या कागदावर पडतो, आणि उरलेलं खालून वर पिळत नेताना अंगठा नेमका दुमडल्या जागेवरून घसरतो. त्यावर दोन घोट साधं पाणी घ्यायचं. साखरेचं पेय नाही, नाहीतर पोटात पाक होतो. तुटलेला कोपरा खिशात टाकायचा. रस्त्यावर टाकणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही, कारण भाषा बिघडेल.

हे सगळं घड्याळावर चालतं, किलोमीटरवर नाही. ही गोष्ट खास सावकाश मंडळींसाठी: आपले शेवटचे किलोमीटर लांबत जातात, आणि 'दर पाच किलोमीटरला एक' असं ठरवलं तर जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच दोन घासांमधलं अंतर वाढतं. माझं घड्याळ दर पंचवीस मिनिटांनी किणकिणतं आणि मी मूड न विचारता तोंडात काहीतरी टाकतो. लाँग रनलाही तेच, त्याच वस्तू, त्याच क्रमानं. आतड्याला सराव द्यायचा तो तिथेच. शर्यतीच्या दिवशी आयोजकांनी फुकट वाटलेली नवी चव चाखून पाहणाऱ्यांना मी हात जोडतो.

चाळिसाव्या किलोमीटरला घड्याळ शेवटचं किणकिणतं तेव्हा गिळून उपयोग नसतो. ते पायांपर्यंत पोहोचायच्या आत शर्यत संपते. पण २००४ मध्ये एक मजेदार प्रयोग झाला होता. सायकलपटूंनी गोडसर नसलेलं कर्बोदकांचं पाणी नुसतं तोंडात खुळखुळवलं आणि थुंकलं, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांची वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली. तोंडात कर्बोदकं ओळखणारं काहीतरी आहे आणि ते मेंदूला परस्पर निरोप देतं, असं त्यातून दिसलं. मेंदूही निरोप खरा धरून पायांवरचा लगाम सैल करतो. त्या अवस्थेत माझ्या मेंदूला फसवणं काही अवघड नसतं. म्हणून मी बाटलीतला तळाचा घोट तोंडात धरतो आणि खुळखुळवत पळतो. अंतिम रेषेवरच्या माझ्या बहुतेक फोटोंत गाल फुगलेले दिसतात, ते त्यामुळे.